धारेची मालकी



या व्याख्यानमालेत लेथच्या हत्याराविषयी बोलावयाचे म्हणजे सत्यनारायणाच्या पूजेत कानशी विकावयास बसण्यासारखे आहे, असे आमचा एक स्नेही म्हणाला. त्याचे म्हणणे अगदीच खोटे नाही. परंतु आमचे सारे आयुष्य धातू कापणाऱ्या माणसांत गेले. शिक्षण म्हणाल तर नववी नापास; पुढे जे काही आले ते कारखान्याच्या दारात, युनियनच्या कचेरीत आणि वाचनालयाच्या बाकावर बसून आले. तेव्हा ज्याची आमची प्रत्यक्ष ओळख आहे, त्याच्याच इतिहासाविषयी आम्ही बोलावे हे बरे.

हा पाहा एक तुकडा. शंकरपाळ्यासारखा चौकोनी, अंगठ्याच्या नखाएवढा, रंगाने सोनेरी, मधोमध भोक. वजन तोळाभरही नसेल. याला इन्सर्ट म्हणतात. तो पोलादी दांड्याच्या टोकाशी बसवावयाचा. त्या दांड्याला होल्डर म्हणतात. लेथच्या चकात जॉब फिरतो, हा तुकडा त्याला भिडतो आणि लोखंडाचा कीस निघू लागतो. मोटारीचा आस असो की पंपाचा दांडा, यंत्रात गोल फिरणारी बहुतेक प्रत्येक वस्तू कधी ना कधी अशा तुकड्यापुढून गेलेली असते.

आमचा प्रश्न साधा आहे. हा तुकडा निवडला कोणी? दीडशे वर्षांपूर्वी हाच प्रश्न विचारला असता, तर लेथवर उभ्या असलेल्या माणसाने स्वतःच्या छातीवर बोट ठेवले असते. आज तो माणूस खरेदीखात्याकडे बोट दाखवितो, खरेदीखाते विक्रेत्याच्या जाडजूड पुस्तकाकडे बोट दाखविते, आणि तुकडा फुटला की सगळी बोटे पुन्हा लेथवरच्या माणसाकडे वळतात. हे असे कसे झाले, याची हकीकत आज सांगावयाची आहे.

आरंभ हातापासूनच करावा लागेल. जुना कातारी हत्यार हातात धरून, टेकूवर टेकवून, फिरत्या जॉबला लावीत असे. लाकडाला ते ठीक. लोखंडापुढे हात थरथरतो. अठराव्या शतकाच्या अखेरीस लंडनमध्ये हेन्री मॉड्स्ले याने हत्यार एका सरकत्या घट्ट पकडीत बसविले आणि स्क्रूच्या आधाराने ती पकड पुढे सरकविली. आजच्या होल्डरचा मूळ पुरुष तोच. मार्क्सने ‘कॅपिटल’च्या पहिल्या खंडात, १८६७ साली, मॉड्स्लेच्या या युक्तीची मुद्दाम दखल घेतली आहे, कारण येथे यंत्राने माणसाचे हत्यार घेतले नाही, तर हत्यार धरणारा हात घेतला. ही गोष्ट तत्त्वज्ञाच्या आधी लोहाराच्या ध्यानात आली असेल, अशी आमची समजूत आहे.

हात गेला, तरी धार राहिली. हत्यार कोणत्या पोलादाचे घ्यावे, ते किती लाल करून कशात विझवावे, कोणत्या कोनात घासावे, हे सारे टर्नरच्या पोटात असे. त्या वेळचे साधे कार्बनचे पोलाद दोन-अडीचशे अंश उष्णतेपलीकडे मऊ पडे. म्हणून कापही मंद गतीने घ्यावा लागे. १८६८ मध्ये इंग्लंडात रॉबर्ट मुशेट याने टंगस्टन मिसळून असे पोलाद काढले की ते पाण्यात न विझविताही हवेतच कठीण होई. त्याने पेटंट घेतले नाही. कृती गुप्त ठेवली. आमच्या पहिल्या मिस्त्रींची आठवण येथे झाल्यावाचून राहत नाही. १९८८ साली आम्ही भोसरीच्या एका शेडमध्ये हेल्पर म्हणून लागलो, तेव्हा हे मिस्त्री हायस्पीडचे हत्यार सहाणेवर घासताना आमच्याकडे पाठ करीत, आणि घरी जाताना ते चिंधीत गुंडाळून डब्याच्या पिशवीत टाकीत. त्यांची धार दिवसभर टिके. आमची तासाभरात बसे. सहा महिने फरशी झाडल्यावर त्यांनी पहिला कोन दाखविला. जुन्या कारागिराच्या ज्ञानाचे गोडवे गाणाऱ्यांनी हेही लक्षात ठेवावे की ते ज्ञान सर्वांचे कधीच नव्हते.

मालकाचेही नव्हते, आणि भांडणाचे मूळ तेथेच आहे.

फ्रेडरिक विन्स्लो टेलर हे नाव आमच्या चळवळीत शिवीसारखे वापरले जाते. त्याने वेळ मोजण्याचे घड्याळ कामगाराच्या उरावर बसविले, एवढेच बहुतेकांना ठाऊक असते. वस्तुतः टेलरची सुरुवात घड्याळापासून झाली नाही. ती लेथच्या हत्यारापासून झाली. खात्यापित्या घरचा हा मुलगा कारखान्यात उमेदवार म्हणून राबला आणि फिलाडेल्फियाच्या मिडव्हेल पोलाद कारखान्यात लेथवरच्या टोळीचा नाईक झाला. अंगावरच्या कामाचा दर ठरलेला. टर्नर ठराविक नगांच्या पुढे जात नसत, कारण पुढे गेले की दर कापला जातो हे त्यांना अनुभवाने कळले होते. टेलर त्यांच्याशी तीन वर्षे भांडला. या भांडणात त्याला एक गोष्ट उमगली. एका नगाला खरोखर किती वेळ लागतो, हे मालकाला ठाऊकच नाही; टर्नरला ठाऊक आहे, आणि तो सांगणार नाही. म्हणून १८८० पासून त्याने धातू कापण्याचे प्रयोग आरंभिले. ते २६ वर्षे चालले. १९०६ मध्ये अमेरिकन यांत्रिक अभियंत्यांच्या संस्थेपुढे अध्यक्षीय भाषण करताना त्याने हिशेब दिला तो असा: नोंदलेले प्रयोग ३० ते ५० हजार, कीस करून टाकलेले लोखंड आणि पोलाद ८ लाख पौंडांहून अधिक, म्हणजे सुमारे ३६० टन. कापाची गती १२ गोष्टींवर अवलंबून असते, असे त्याने दाखविले आणि कार्ल बार्थ या गणित्याकडून त्यांचा मेळ घालणारी सरकपट्टी करवून घेतली. ती पट्टी हाती असली की टर्नरला विचारण्याची गरज उरली नाही.

या प्रयोगांतून एक खराखुरा शोधही निघाला, तो नाकारणे अप्रामाणिकपणाचे होईल. १८९८ नंतर बेथलेहेम पोलाद कारखान्यात टेलर आणि मॉन्सेल व्हाइट यांनी टंगस्टनयुक्त पोलाद वितळण्याच्या जवळपास तापवून पाहिले. एवढे तापविले की पोलाद मरते, असा प्रत्येक लोहाराचा अनुभव. येथे उलट झाले. धार लालसर होईपर्यंत तापली तरी कापीत राहिली. १९०० च्या पॅरिस प्रदर्शनात लेथच्या हत्याराचे टोक तांबडे झालेले आणि त्याखालून निळा कीस वाहत असलेला युरोपच्या कारखानदारांनी पाहिला. यालाच आपण हायस्पीड पोलाद म्हणतो. कापण्याची गती दुपटी-चौपटीने वाढली. लेथची चौकट तो ताण सोसेना, म्हणून लेथही नव्याने घडवावे लागले.

त्याबरोबरच टेलरने आणखी एक गोष्ट केली, आणि आमच्या मते त्याच्या घड्याळापेक्षा ती मोठी होती. त्याने टर्नरला सहाणेपासून दूर केले. हत्यारे घासण्याची निराळी खोली. ठरावीक आकार, ठरावीक कोन. टर्नरने खिडकीवर बिल्ला द्यावा आणि तयार धार घेऊन जावे. यात कारखान्याचा लाभ उघड होता. टर्नरचाही थोडा होता, कारण वाईट धारेपायी वाया जाणारा वेळ वाचला. परंतु ज्याच्याजवळ धार करण्याची कला, त्याच्याजवळ दराविषयी बोलण्याची ताकद. ती ताकद खिडकीपलीकडे गेली. १९११ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेच्या सरकारी वॉटरटाउन शस्त्रागारात घड्याळ आले तेव्हा संपावर गेले ते साचेकाम करणारे मोल्डर. काँग्रेसच्या समितीने चौकशी केली, टेलरची साक्ष झाली, आणि १९१५ मध्ये लष्करी खर्चाच्या कायद्यात कलम घालून सरकारी शस्त्रागारांतील घड्याळावर बंदी आली. घड्याळ तात्पुरते थांबले. खिडकी कोणी बंद केली नाही. ती मागणीच कोणी केली नव्हती. कामगारचळवळीला दिसणारा शत्रू लवकर सापडतो, न दिसणारा उशिरा.

आता दिव्याच्या तारेकडे वळू. विजेच्या दिव्यातील तार टंगस्टनची. ती ओढून बारीक करावयाची म्हणजे हिऱ्याच्या छिद्रातून काढावी लागे, आणि हिरे महाग. पहिल्या महायुद्धानंतरच्या जर्मनीत बर्लिनच्या ओस्राम कंपनीत कार्ल श्रोटर याने हिऱ्याला पर्याय शोधला. टंगस्टन आणि कार्बन यांच्या संयुगाची बारीक भुकटी, तीत थोडा कोबाल्ट. हे मिश्रण साच्यात दाबून सुमारे १४०० अंशांना भाजावयाचे. कोबाल्टचा अंश पातळ होतो आणि कण एकमेकांस धरून ठेवतो. शेंगदाण्याच्या चिक्कीत गूळ जे काम करतो, तेच येथे कोबाल्ट करतो. पेटंटसाठी अर्ज १९२३ चा. क्रुप कंपनीने हक्क विकत घेतले, मालाला ‘विडिया’ हे नाव दिले आणि १९२७ च्या लाइपझिगच्या वसंत जत्रेत तो जगापुढे मांडला. जर्मन भाषेत ‘हिऱ्यासारखा’ असे म्हणावयाचे तर ‘वी दियामांट’ म्हणतात. त्यातून हे नाव निघाले. आमच्या भोसरीत टर्नर ‘विडियाचं टूल दे’ असे म्हणत, ते एका कंपनीचे नाव आहे हे आम्हांला पुष्कळ वर्षे ठाऊक नव्हते. वनस्पती तुपाला डालडा म्हणावे, तसेच हे. पुढे १९६० च्या दशकात पुण्याला दापोडीत स्वीडनच्या सँडविकचा आणि बंगळुरास विडियाचा कारखाना निघाला, तेव्हा हा माल येथेच होऊ लागला. नाव मात्र त्याहून अधिक खोल रुजले आहे.

अमेरिकेत या मालाचे हक्क जनरल इलेक्ट्रिककडे गेले. १९२८ मध्ये क्रुपशी करार झाला. बाजार वाटून घेतले गेले. आणि आधी पौंडाला सुमारे ५० डॉलर असलेली किंमत ४५३ डॉलरवर नेली गेली. त्या वेळी एक पौंड सोने सुमारे ३०० डॉलरला मिळत होते. म्हणजे कोळशाचा कार्बन आणि टंगस्टनची भुकटी सोन्याहून दीडपट महाग विकली गेली. सरकारने १९४० मध्ये आरोप ठेवले; युद्ध मध्ये आले; १९४८ मध्ये न्यायालयाने कंपनीला दोषी ठरविले. आम्ही कारखान्यात दोन रुपयांची वेतनवाढ मागितली की बाजाराच्या नियमांवर प्रवचन ऐकावे लागते, म्हणून हा भाव आम्ही पाठ करून ठेवला आहे.

टंगस्टनच्या मागे मात्र तोफा होत्या. पहिल्या महायुद्धापूर्वी ब्रह्मदेशातील तवॉयचे खनिज, ब्रिटिशांच्या राज्यातील, शुद्ध होण्यासाठी जर्मनीस जाई. युद्ध पेटल्यावर इंग्रजांना ही चूक कळली. दुसऱ्या महायुद्धात तटस्थ पोर्तुगालने दोन्ही बाजूंना टंगस्टन विकले, ते दोस्तांच्या दडपणाने १९४४ च्या जूनमध्ये थांबले. आपल्या नागपूर जिल्ह्यातही कुही भागात हे खनिज आहे. राजस्थानात देगाण्याला आहे. आज जगातील बहुतांश टंगस्टन चीनमधून निघते आणि २०२५ च्या फेब्रुवारीत चीनने त्याच्या निर्यातीवर निर्बंध घातले. त्याचा परिणाम चाकणच्या शेडमध्ये ‘एकच कोपरा दोनदा वापरा’ अशा तोंडी हुकमाच्या रूपाने येतो.

सोविएत रशियाचा मार्ग वेगळा असेल, अशी आमच्या तरुणपणी आमची श्रद्धा होती. लेनिनने १९१४ मध्ये टेलरच्या पद्धतीला यंत्राकडून माणसाची गुलामी म्हटले, आणि सत्ता हाती आल्यावर १९१८ मध्ये तीच पद्धत अभ्यासावी असे सांगितले. दोन्ही मते त्याचीच. परंतु तेथे एक गोष्ट घडली ती सांगितलीच पाहिजे. १९५० च्या दशकाच्या आरंभी व्होल्गाकाठच्या कुइबिशेव्ह प्रदेशातील एका लेथ कारखान्यात वासिली कोलेसोव्ह हा टर्नर होता. साऱ्या देशात गती वाढविण्याचे वेड लागले असताना त्याने उलट विचार केला. गती तीच ठेवून हत्यार प्रत्येक फेऱ्याला अधिक पुढे सरकवावे. पण तसे केले की जॉबवर नांगरल्यासारख्या चऱ्या उठतात. म्हणून त्याने विडियाच्या टोकाला जॉबशी समांतर अशी आणखी एक छोटी धार घासली. पुढची धार कापते, मागची पुसून काढते. काम कित्येक पटींनी लवकर होऊ लागले. आज पाश्चात्त्य कंपन्या ‘वायपर’ इन्सर्ट म्हणून जो माल विकतात, त्याचे तत्त्व हेच. सोविएत देशात कोलेसोव्हचे नाव झाले. अशा पराक्रमांनंतर तेथे इतरांच्या कामाचे प्रमाणही वाढत असे, ही त्या गौरवाची दुसरी बाजू. तरीही सहाणेपाशी उभ्या असलेल्या एका माणसाला हे सुचले, कचेरीतल्या सरकपट्टीला नव्हे, हे नोंदवून ठेवावेसे वाटते.

कोलेसोव्हला ते सुचले कारण त्याची सहाण त्याच्यापाशी होती. पुढच्या पिढीपाशी ती राहिली नाही. विडियाचा तुकडा आधी तांब्या-पितळेच्या झाळणाने पोलादी दांड्यावर बसवीत. पोलाद उष्णतेने जेवढे पसरते त्याच्या निम्म्यानेच विडिया पसरतो. म्हणून निवताना तुकड्याला भेगा जात. बसलेली धार पुन्हा हिरव्या चाकावर घासावी लागे. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत आणि पुढे युरोपात निराळी सोय निघाली. तुकडा झाळावयाचा नाही, होल्डरमध्ये स्क्रूने किंवा पकडीने आवळावयाचा; एक कोपरा बसला की फिरवून दुसरा पुढे आणावयाचा; सगळे कोपरे संपले की टाकून द्यावयाचा. १९६९ च्या सुमारास या तुकड्यांवर टायटॅनियम कार्बाइडचा काही सहस्रांश मिलिमीटर जाडीचा लेप चढू लागला. घासण्याची कला संपली. तिच्या जागी निवडण्याची कला आली, आणि ती अंकाक्षरांत लिहिली गेली.

ही अंकाक्षरे आंतरराष्ट्रीय प्रमाणाची आहेत; कोणत्याही कंपनीची डबी घ्या, तीच सापडतील. माझ्या हातातील तुकड्याच्या डबीवर लिहिले आहे: सीएनएमजी १२०४०८. ‘सी’ म्हणजे ८० अंशांचा शंकरपाळ्याचा कोपरा. ‘एन’ म्हणजे बाजू सरळ उभ्या, त्यांना उतार नाही. म्हणून तुकडा उलटा करूनही वापरता येतो आणि चार कोपरे मिळतात. ‘एम’ हा मापातील चुकभूल सांगतो, ‘जी’ म्हणजे मधे भोक आणि दोन्ही अंगांना कीस मोडणारे खाचे. १२ ही धारेची लांबी, ०४ ही जाडी, आणि शेवटचे ०८ म्हणजे टोकाची गोलाई, ०.८ मिलिमीटर. होल्डरवर पीसीएलएनआर २५२५ एम १२ असे असेल तर तो याच तुकड्याचा: पहिले अक्षर आवळण्याची रीत, ‘एल’ म्हणजे जॉबला ९५ अंशांनी भिडणारा, ‘आर’ उजवा, दांडा २५ बाय २५, लांबी १५० मिलिमीटर. घराच्या पत्त्याप्रमाणे हे वाचता येते. आमच्या कित्येक टर्नरांनी वीस-वीस वर्षे हे तुकडे बदलले, पण हा पत्ता वाचावयास त्यांना कोणी शिकविले नाही.

पत्ता कळला तरी निवड राहतेच. तीत पहिली गोष्ट मालाची जात. पोलादासाठी ‘पी’, निळ्या पट्टीचा. स्टेनलेसला ‘एम’, पिवळा. बिडाला ‘के’, तांबडा. साधा टंगस्टन कार्बाइड बिडावर सुरेख चालतो, पण पोलादावर त्याच्या पाठीत खड्डा पडतो, कारण त्याचा कार्बन तापलेल्या पोलादात शिरू पाहतो. म्हणून पोलादासाठी त्यात टायटॅनियम आणि टँटलम यांची संयुगे मिसळतात. पुढे आकडा. ‘पी’ १० हा कठीण, पण ठिसूळ. ‘पी’ ४० हा चिवट, पण लवकर झिजणारा. सारी निवड या दोहोंच्या मधे कोठेतरी असते. जॉब गोल, स्वच्छ आणि काप अखंड असेल तर कठीण घ्यावा. फोर्जिंगवर खपली असेल, काप मधेच सुटत असेल, लेथ जुना असेल तर चिवट घ्यावा. कठीण आणि चिवट दोन्ही गुण एका तुकड्यात पूर्णपणे मिळत नाहीत. माणसांतही ते क्वचितच मिळतात, पण तो विषय निराळा.

टोकाची गोलाई हा तर लोभाचा विषय आहे. गोलाई जितकी मोठी, तितका जॉब गुळगुळीत. दर फेऱ्याला हत्यार ०.२ मिलिमीटर सरकत असेल आणि गोलाई ०.८ असेल, तर चऱ्यांची उंची हिशेबाने ६ मायक्रॉनच्या आसपास येते, गोलाई ०.४ केली की ती दुप्पट होते. मग सगळीकडे मोठीच गोलाई का लावू नये? कारण मोठी गोलाई जॉबला अंगाने रेटते, आणि बारीक लांब दांडा त्या रेट्याने थरथरू लागतो. होल्डरचेही तसेच. तो टूलपोस्टमधून दुप्पट बाहेर काढला की त्याचा वाक दुप्पट होत नाही, आठपट होतो. हा घनाचा नियम पुस्तकात एका ओळीत असतो. कारखान्यात तो फुटलेल्या तुकड्यांच्या ढिगाने शिकावा लागतो. पण त्या ढिगाचे पैसे कोणी भरावयाचे?

१९९६ साली एका कारखान्यात आम्ही युनियन बांधीत होतो. नाव सांगण्यात अर्थ नाही. तेथे पोलादाच्या फोर्जिंगचे दांडे लेथवर उतरवीत. तीन महिने इन्सर्ट भराभर फुटू लागले आणि दोन टर्नरांच्या पगारातून त्यांची किंमत कापली गेली. त्या वेळी लागू असलेल्या १९३६ च्या वेतन कायद्याप्रमाणे हाती सोपविलेल्या मालाचे नुकसान थेट कामगाराच्या हयगयीने झाले असेल तरच पैसे कापता येत, आणि तेही त्याचे म्हणणे ऐकून घेतल्यावर. म्हणणे काय मांडावयाचे, हा प्रश्न होता. घोषणा देऊन इन्सर्ट का फुटला हे सिद्ध होत नाही. आम्ही टर्नरांना सांगितले, एकही तुकडा फेकू नका. बोर्नव्हिटाचा एक डबा भरला. मग दोन रात्री, ट्यूबलाइटखाली, तिकिटे पाहावयाच्या भिंगाने आम्ही ते तुकडे चाळले.

झिजलेला तुकडा आणि फुटलेला तुकडा निराळा दिसतो. कुशीवर सरळ पट्टा घासला गेला असेल तर ती प्रामाणिक झीज. पाठीवर खड्डा असेल तर गती जास्त. आमच्या डब्यातील बहुतेकांचे टोकच उडाले होते. डब्या पाहिल्या तेव्हा कळले की खरेदीखात्याने सवलतीच्या भावात कठीण जातीचा माल घेतला होता, ‘पी’ १० च्या घरातला. आणि फोर्जिंगवर खपली, शिवाय एका बाजूस फुगवटा, त्यामुळे प्रत्येक फेऱ्याला काप सुटून पुन्हा धडकत असे. दुसरे असे की काही तुकड्यांना भेग खालून गेली होती. होल्डर सोडवून पाहिला, तर इन्सर्टखालची विडियाची बैठक, जिला शिम म्हणतात, ती एका कोपऱ्यात मोडलेली. पोकळ पाटावर नारळ फोडावा तशी तुकड्याची गत होत होती.

तिसरा एक ढीगही निघाला, लहान होता, आणि तो आमच्या बाजूचा नव्हता. काही तुकड्यांच्या धारेवर कंगव्याच्या दातांसारख्या बारीक भेगा होत्या. त्या येतात तुकडा पुन्हा पुन्हा तापून निवल्याने. एक टर्नर कूलंट मधेच चालू, मधेच बंद करीत असे, कारण त्याचा तुषार डोळ्यांत जाई. हा ढीग लपवावा असे आमच्यातील काहींचे मत पडले. आम्ही तो टेबलावर ठेवला. कारखान्याचा तरुण इंजिनिअर भला माणूस होता. त्याने पहिले दोन ढीग पाहून व्यवस्थापकासमोरच मान हलविली. जात बदलली, शिमा बदलल्या, यंत्रापुढे काचेचे झाकण आले. तीन महिन्यांपैकी दोन महिन्यांचे कापलेले पैसे परत मिळाले. तिसऱ्या महिन्याचे मिळाले नाहीत. ते का मिळाले नाहीत, याचे उत्तर आम्हांला आजही कोणी दिलेले नाही.

याच संदर्भात श्वासाची गोष्ट सांगितली पाहिजे. विडिया घासताना उडणारी धूळ ही साधी धूळ नव्हे. कोबाल्ट आणि टंगस्टन कार्बाइड यांच्या एकत्र धुळीने फुप्फुसे कडक होतात. या आजाराचे पहिले वर्णन जर्मनीत १९४० मध्ये झाले. पाण्याखाली घासले म्हणजे धोका संपला असेही नाही, कारण कूलंटमध्ये कोबाल्ट विरघळतो आणि त्याचा तुषार नाकात जातो. आमचे मिस्त्री हिरव्या चाकावर पंचवीस वर्षे तोंडाला रुमालही न बांधता विडिया घासत. त्यांना शेवटी जिना चढवत नसे. तो विडियाचाच परिणाम असे आम्ही म्हणणार नाही. ते विड्याही ओढीत, आणि त्यांची तशी तपासणी कोणी केली नाही. टाकाऊ इन्सर्टमुळे हाताने घासण्याचे काम कमी झाले, हा या सोनेरी तुकड्याचा उपकार आहे. परंतु त्यातील कोबाल्टचा मोठा भाग आज काँगोच्या खाणींतून येतो, आणि तेथील हातखाणींत मुलेही उतरतात हे जगाला ठाऊक आहे. धूळ एका फुप्फुसातून निघून दुसऱ्या फुप्फुसाकडे गेली, इतकेच.

आज यंत्रे संगणकावर चालतात. कार्यक्रम लिहिणारा कचेरीत बसतो, इन्सर्ट विक्रेत्याचा माणूस सुचवितो, आणि यंत्रापुढे कंत्राटी मुलगा किंवा शिकाऊ मुलगी उभी असते. तिला हिरवे बटण दाबावयाचे आणि ठराविक नगांनंतर कोपरा फिरवावयाचा एवढे सांगितलेले असते. टेलरची खिडकी आता कारखान्याच्याही बाहेर गेली आहे. म्हणून गेली काही वर्षे आम्ही युनियनच्या कचेरीत शनिवारी संध्याकाळी एक वर्ग चालवितो. फळ्यावर अंकाक्षरे लिहितो, बोर्नव्हिटाचा तो जुना डबा टेबलावर उपडा करतो आणि प्रत्येकाला एकेक तुकडा देऊन तो कशाने मेला हे सांगावयास लावतो. येणारी मुले दहा-बारा, पावसात चार.

मागच्या हिवाळ्यात त्यांतील एका मुलीने विचारले, “काका, माझा दांडा लांब आहे, टोकाला थरथरतो. हे शेवटचं ०८ काढून ०४ लावलं तर थांबेल का?” आम्ही सांगितले, थरथर कमी होईल, पण गुळगुळीतपणा तोच हवा असेल तर फीड ०.२ वरून ०.१४ वर आणावा लागेल, आणि ते सुपरवायझरला विचारून कर. पुढच्या शनिवारी तिने वर्तमानपत्रात गुंडाळून दोन दांडे आणले. एकावर माशाच्या खवल्यांसारख्या लाटा होत्या; दुसऱ्यात ट्यूबलाइट सरळ दिसत होती. नाकारले जाणारे नग बंद झाले आहेत. प्रत्येक नगामागे वेळ मात्र वाढला आहे, आणि तो वेळ कोणाच्या हिशेबात धरावयाचा याची बोलणी सध्या चालू आहेत.